अवधान मागताना

रोजच्या बोलण्यात ज्याला लक्ष म्हणतात त्यालाच ग्रंथांच्या भाषेत अवधान असा जुना शब्द आहे, आणि हे दोन शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जात असले तरी त्यांना लागणारी क्रियापदे पाहिली की त्यांतला फरक ध्यानात येतो: लक्ष जाते, उडते, वेधले जाते, म्हणजे बाहेरची वस्तू ते ओढून नेऊ शकते, अवधान मात्र द्यावे लागते, आणि ज्याअर्थी ते द्यावे लागते त्याअर्थी कोणाला तरी ते मागावेही लागते. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानेश्वर श्रोत्यांकडे हेच मागतात आणि ते दिल्यास पदरात काय पडेल याचा शब्दही त्याच वेळी देतात, त्यामुळे मागणाऱ्याच्या डोक्यावरही एक जबाबदारी येऊन बसते. सिंगापूरच्या शाळांत अलीकडे स्मार्टफोनवर जे निर्बंध आले त्यांची चर्चा पालकांत आणि शिक्षकांत बहुतांशी पहिल्या शब्दाच्या अंगाने होते, की फोनने मुलांचे लक्ष पळवले आणि फोन काढून घेतला की ते आपोआप जागेवर येईल. प्रस्तुत लेखिकेचा वर्गातला अनुभव असा की फोन काढून घेतल्यावर लक्ष मोकळे होते हे खरे, पण मोकळे झालेले लक्ष कोणीतरी मागण्याची वाट पाहत राहते, आणि ते मागण्याची शिक्षकांची सवय, लेखिकेची स्वतःचीसुद्धा, दरम्यानच्या काळात मोडून गेलेली होती.

सिंगापूरमध्ये विद्यार्थ्याला इंग्रजीखेरीज ‘मातृभाषा’ नावाचा एक विषय शिकावा लागतो. या नावावरून घरात बोलली जाणारी भाषा असा समज होतो, परंतु व्यवहारात ती शासनाने मान्य केलेल्या यादीतली भाषा असते. चिनी, मलय आणि तमिळ या तिन्हींबरोबर, तमिळ न बोलणाऱ्या भारतीय वंशाच्या मुलांसाठी हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी व उर्दू या पाच भाषांची सोय आहे, आणि या पाचांत मराठी नसल्यामुळे पुण्या-नागपुराहून बँकांत किंवा संगणक कंपन्यांत नोकरीसाठी आलेल्या मराठी घरांतली मुले बहुधा हिंदी घेतात. लेखिका अशा मुलांसाठी चालणाऱ्या एका केंद्रात माध्यमिक इयत्तांना, म्हणजे साधारण १३ ते १६ वर्षांच्या मुलांना, हिंदी शिकवते. वर्ग शनिवारी सकाळी एका शाळेच्या उसन्या इमारतीत भरतो आणि त्यात वीस-बावीस मुले दहा-बारा निरनिराळ्या शाळांतून आलेली असतात. त्यांत चार-पाच मराठी असतात, जी वर्गात तिला ‘मॅम’ म्हणतात आणि महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात प्रसादाच्या रांगेत भेटली की ‘मावशी’. अनेक शाळांची मुले एकत्र येण्याचा एक अनपेक्षित लाभ असा झाला की फोनबाबत प्रत्येक शाळेची जी वेगळी शिस्त होती ती एकाच वर्गात शेजारी शेजारी पाहायला मिळाली. ज्या मुलीच्या शाळेत सकाळी फोन कपाटात कुलूपबंद होत असे ती आणि ज्या मुलाच्या शाळेत मधल्या सुट्टीत तो वापरायला मोकळीक होती तो, अशी दोघे एकाच बाकावर बसत.

ही मोकळीक आता उरलेली नाही. प्राथमिक शाळांत शाळेच्या वेळात स्मार्टफोन आणि स्मार्टवॉच वापरण्यावर जानेवारी २०२५ पासून बंदी होती, परंतु माध्यमिक शाळांत ती बंधनकारक होती केवळ प्रत्यक्ष तास चालू असताना. ३० नोव्हेंबर २०२५ रोजी शिक्षण मंत्रालयाने जाहीर केले की जानेवारी २०२६ पासून माध्यमिक शाळांतही ही बंदी शाळेच्या संपूर्ण वेळाला लागू होईल, त्यात मधली सुट्टी येईल, जादा तास येतील आणि ‘सीसीए’ म्हणून ओळखले जाणारे, खेळ, वाद्यवृंद, नाटक यांसारखे शाळेनंतरचे उपक्रमही येतील. फोन दप्तरात किंवा शाळेने ठरवून दिलेल्या जागी ठेवायचा, आणि खरोखरच गरज पडली तर शाळेने अपवाद करायचा, असे या नियमाचे स्वरूप आहे. ज्या काही माध्यमिक शाळांनी हा कडक नियम आधीच स्वीकारला होता त्यांच्याकडे मुलांची एकाग्रता वाढल्याचे आणि सुट्टीत मुले एकमेकांशी अधिक मिसळू लागल्याचे दिसले, असे मंत्रालयाने त्यावेळी सांगितले. जगाच्या पाठीवर सिंगापूर यात एकटे नाही. फ्रान्सने २०१८ मध्येच कायदा केला आणि युनेस्कोच्या २०२३ च्या शिक्षणविषयक जागतिक अहवालाने तंत्रज्ञान कोणाच्या अटींवर वर्गात येते हा प्रश्न ऐरणीवर आणला. तरीही सिंगापूरचा निर्णय वेगळा वाटतो तो यासाठी की ‘पिसा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, १५ वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत २०२२ साली गणित, वाचन आणि विज्ञान या तिन्हींत पहिल्या आलेल्या देशाने तो घेतला. ज्याचे दुकान उत्तम चालले आहे त्याने दुकानाचे दार बदलावे, तसा हा प्रकार आहे.

लेखिकेच्या केंद्राने फोन गोळा करायला सुरुवात केली ती राष्ट्रीय नियमाच्या बरीच आधी, आणि त्यासाठी दाराजवळच्या भिंतीवर एक निळ्या कापडाचा फलक टांगला, ज्याला पारदर्शक प्लास्टिकचे क्रमांक घातलेले खिसे होते. मुलाने आत येताना आपल्या क्रमांकाच्या खिशात फोन सरकवायचा आणि जाताना काढून घ्यायचा. पहिल्या काही आठवड्यांत या फलकाने वर्गाला मुलांच्या कल्पकतेचे चांगलेच दर्शन घडवले. एका खिशात दर शनिवारी काच तडकलेला, सिमकार्ड नसलेला, एका पालकाचा जुना फोन निमूटपणे येऊन बसत असे, आणि खरा फोन दप्तरात असे. हे उघड झाले ते कोणाच्या चाणाक्षपणामुळे नव्हे, तर तो खरा फोन दप्तरातल्या स्टीलच्या डब्याला टेकला होता आणि संदेश आल्यावर पोह्यांचा तो डबा भर वर्गात थरथरून वाजला म्हणून. लेखिकेला तेव्हा रागापेक्षा नवल अधिक वाटले, कारण ज्या मुलाला गृहपाठाची वही आणायची आठवण राहत नाही तो दर आठवड्याला दोन फोन, त्यातला एक भरलेला आणि एक मेलेला, न चुकता घेऊन येत होता. नंतर याच मुलाने मराठीत, आणि म्हणूनच बहुधा खरेपणाने, सांगितले की फोन बघायचा नसतो, फक्त तो आहे हे माहीत असावे लागते.

या एका वाक्यात अवधानाच्या मानसशास्त्राचा बराच भाग येतो. टेक्सास विद्यापीठात झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुचर्चित प्रयोगात काहींचे फोन समोर मेजावर, काहींचे खिशात वा पिशवीत आणि काहींचे दुसऱ्या खोलीत ठेवून सर्वांना विचारशक्तीच्या चाचण्या दिल्या गेल्या. फोन सर्वांचेच गप्प होते, तरी ज्यांचे दुसऱ्या खोलीत होते त्यांची कामगिरी सर्वांत चांगली झाली, आणि यावरून संशोधकांनी असा अर्थ काढला की फोनकडे न बघण्यासाठीही मनाचा काही भाग खर्ची पडतो. पुढे इतरांनी हा प्रयोग पुन्हा केला तेव्हा सर्वांनाच असा परिणाम आढळला नाही, हेही सांगितले पाहिजे. सोफी लेरॉय या अभ्यासिकेने २००९ मध्ये मांडलेली अवशिष्ट अवधानाची कल्पना वर्गातल्या अनुभवाशी अधिक जुळते. एक काम अर्धवट टाकून माणूस दुसऱ्याकडे वळतो तेव्हा पहिल्या कामाचा थोडा गाळ मनात खाली बसून राहतो आणि दुसऱ्या कामाला पूर्ण मन मिळत नाही, असे ते साधारण म्हणणे आहे. वर्गात येण्याच्या आधीच्या मिनिटाला ज्या मुलीने मैत्रिणीला प्रश्न पाठवला आहे आणि उत्तर आलेले नाही, तिचा फोन फलकाच्या खिशात असला तरी तिचा प्रश्न बाकावरच असतो. (माणसाचे अवधान आता गोल्डफिशपेक्षाही कमी, आठ सेकंदांचे उरले आहे, असे जे वाक्य पालकसभांत हमखास ऐकू येते त्याला मात्र कोणताही भक्कम आधार नाही, गोल्डफिशचे अवधान कोणी आणि कसे मोजले, हा साधा प्रश्न सभेत कोणी विचारत नाही.)

सिंगापूरची स्वतःची जमीनही या अभ्यासात मागे नाही. ‘गस्टो’ या नावाने ओळखला जाणारा, गरोदर मातांपासून सुरू करून त्यांच्या मुलांची वर्षानुवर्षे नोंद ठेवणारा एक प्रकल्प इथे २००९ पासून चालू आहे, आणि त्यातील ४३७ मुलांवर आधारलेला एक निबंध २०२३ मध्ये बालरोगविषयक एका अमेरिकी नियतकालिकात आला. वर्षभराच्या वयात मूल पडद्यासमोर किती वेळ असते, दीड वर्षाच्या वयात त्याच्या मेंदूच्या विद्युत्‌लहरींचा आलेख, म्हणजे ईईजी, कसा दिसतो आणि नऊ वर्षांच्या वयात त्याची कार्यकारी क्षमता कशी असते, यांचा परस्परसंबंध त्यात तपासला गेला. कार्यकारी क्षमता म्हणजे मनाला आवर घालणे, सूचना ध्यानात धरून ठेवणे आणि एका कामावरून दुसऱ्यावर मुद्दाम वळणे, यांची मिळून होणारी शक्ती. पडद्याचा वेळ जितका अधिक तितकी नवव्या वर्षीची ही शक्ती उणी, असा संबंध आढळला. संबंध म्हणजे कारण नव्हे, हे संशोधक स्वतःच बजावतात, कारण ज्या घरात तान्ह्या मुलाच्या हाती फोन द्यावा लागतो त्या घरात इतरही पुष्कळ काही अपुरे असू शकते, विशेषतः वेळ. तरी शिक्षकाच्या दृष्टीने त्याचा अर्थ एवढा स्पष्ट आहे की १३ व्या वर्षी वर्गात येणारे मूल कोऱ्या पाटीने येत नाही. जानेवारी २०२५ मध्ये शासनाने जे सल्ले नव्याने दिले त्यांत दीड वर्षांखालील मुलाला दृक्-संभाषण सोडून पडदा दाखवूच नये आणि ७ ते १२ वर्षांच्या मुलांना शाळेच्या कामाखेरीज दिवसाला दोन तासांहून कमी ठेवावा, जेवताना आणि झोपण्यापूर्वीच्या तासाभरात तर नकोच, असे म्हटले आहे. लेखिकेच्या ओळखीच्या मराठी घरांत यातला जेवणाचा नियम सर्वांत अवघड ठरतो, आणि तो मुलांपेक्षा वडीलधाऱ्यांकडूनच अधिक मोडतो.

फोन फलकात गेल्यावर वर्गात जे घडले ते अपेक्षेप्रमाणे नव्हते. भाषेच्या तासाचा कणा म्हणजे उतारा; दीड-दोन पानांचा, आधी न वाचलेला गद्यखंड शांतपणे वाचून त्यावरच्या प्रश्नांची उत्तरे लिहायची असतात. फोन नसताना मुले उताऱ्यात बुडून जातील असे लेखिकेने गृहीत धरले होते. प्रत्यक्षात पहिला परिच्छेद संपून दुसरा सुरू होण्याच्या जागी बहुतेक माना वर येत, काही खिडकीकडे, काही घड्याळाकडे, काही लेखिकेकडे वळत, आणि त्या नजरेत खोडी नसे, काहीतरी पुढे घडायला हवे होते ते अजून का घडले नाही, अशी एक प्रामाणिक विचारणा असे. हे एकदा नव्हे, आठवड्यामागून आठवडे दिसले, आणि उताऱ्याचा विषय किंवा त्याची काठिण्यपातळी बदलल्याने त्यात फारसा फरक पडला नाही. माना वर येण्याची जागा तीच राहिली. ज्या शाळांत फोन आधीपासून कुलूपबंद होता त्यांतली मुलेही त्याच जागी वर पाहत, यामुळे केवळ फोनकडे बोट दाखवून सुटका होईना.

उत्तर सापडले ते लेखिकेच्या स्वतःच्या जुन्या पाठ-टाचणांत. एप्रिल २०२० मध्ये महासाथीमुळे शाळा बंद होऊन घरून शिकवणे सुरू झाले तेव्हा, पडद्यापलीकडची मुले टिकवून धरायची म्हणून तिने पाठाचे तुकडे पाडले होते: चार मिनिटांची चित्रफीत, मग तीन प्रश्नांची झटपट चाचणी, जिच्यात बरोबर उत्तराला रंगीत कागदांचा पाऊस पडे आणि पहिल्या पाचांची नावे झळकत, मग एक स्लाइड, मग गटात चर्चा, आणि पुन्हा चाचणी. शाळा उघडल्या तरी हे टाचण तसेच राहिले, कारण ते चालत होते. मुले खूष, निरीक्षणाला येणारे वरिष्ठ खूष, आणि वर्ग ‘रंगला’ असे वाटत असल्यामुळे शिक्षिकाही खूष. त्या टाचणांत उतारासुद्धा परिच्छेदापरिच्छेदाने एकेका स्लाइडवर टाकलेला होता आणि प्रत्येक परिच्छेदानंतर एक प्रश्न येत असे. मुलांच्या माना वर येत होत्या त्या नेमक्या तिथे, जिथे आजवर स्लाइड बदलत आली होती. म्हणजे तुकड्यांची सवय लावणारा केवळ त्यांच्या खिशातल्या यंत्रातला कोणी अज्ञात अभियंता नव्हता; मुलांचे लक्ष टिकत नाही म्हणून पाठ लहान करायचे, आणि पाठ लहान झाल्यामुळे लक्ष टिकवण्याचा प्रसंगच येऊ द्यायचा नाही, या चक्राचा एक हात वर्गातल्या फळ्यापाशी उभा होता. लेखिकेने हे सहकाऱ्यांपुढे मांडले तेव्हा काहींना ते पटले आणि काहींना पटले नाही. एका अनुभवी शिक्षिकेने म्हटले की, मुले समोर बसली तर पाहिजेत, नाहीतर शिकवायचे कोणाला. या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते आजही खोडून काढता आलेले नाही.

दुसरी गुंतागुंत लॅपटॉपची. सिंगापूरच्या प्रत्येक माध्यमिक विद्यार्थ्याकडे स्वतःचे शिक्षण-उपकरण असावे, ही योजना मार्च २०२० मध्ये मांडली गेली तेव्हा तिची मुदत २०२८ होती. महासाथीने ती घाईने अलीकडे आणली आणि २०२१ च्या अखेरपर्यंत सर्व माध्यमिक विद्यार्थ्यांच्या हाती लॅपटॉप किंवा टॅबलेट आला. त्यावर शाळेला नियंत्रण ठेवता यावे म्हणून व्यवस्थापनाचे एक ॲप घातलेले असते, जे ठरलेल्या संकेतस्थळांना अटकाव करते आणि रात्री उपकरण झोपवते; ही झोपण्याची वेळ जानेवारी २०२६ पासून ११ वरून १०.३० वर आणली आहे. त्यामुळे फोन फलकाच्या खिशात आणि त्याहून मोठा पडदा बाकावर उघडा, असे चित्र अनेकदा दिसते. मुलांना या विसंगतीची कल्पना शिक्षकांपेक्षा आधी असते. लॅपटॉपवर एका बाजूला हिंदीचा निबंध आणि दुसऱ्या खिडकीत बुद्धिबळाचा डाव मांडलेला मुलगा, ‘हे तर शिक्षणाचेच उपकरण आहे’ असे म्हणतो तेव्हा त्याला उत्तर देणे सोपे नसते. आणि या उपकरणावर किती काही विसंबून आहे हे ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वांना कळले: त्या वेळच्या व्यवस्थापन-ॲपमध्ये बाहेरून घुसखोरी झाली आणि २६ माध्यमिक शाळांतील सुमारे १३,००० विद्यार्थ्यांची उपकरणे दूरवरून पुसली गेली. लेखिकेच्या वर्गातल्या ज्या मुलांची टिपणे अशी गेली त्यांनी पुढच्या शनिवारी इतरांच्या वह्यांवरून ती हाताने उतरवून घेतली, आणि त्या तासाला, कोणी न सांगता, वर्गात जी शांतता होती तशी त्याआधी कित्येक महिन्यांत झाली नव्हती. त्या शांततेला भीतीची धार होती हे मान्य केले तरी, मान खाली घालून अर्धा तास लिहिणे या मुलांना अशक्य नाही, एवढे त्या दिवशी सिद्ध झाले.

पालकांची बाजू इतकी सरळ नाही. सिंगापूरमध्ये सातवी-आठवीच्या वयाची मुले एकटी एमआरटी या शहरी रेल्वेने आणि बसने शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जातात. आई-वडील दोघे नोकरीला, आजी-आजोबा भारतात, आणि घरात मदतनीस बाई असली तर ती धाकट्या भावंडाकडे. अशा घरात ‘पोहोचलो’ हा एका शब्दाचा संदेश हीच आईची दुपारची निश्चिंती असते, आणि फोन हे मुलाच्या मौजेआधी आईच्या काळजीचे साधन म्हणून घरात आलेले असते. शिवाय शाळा संपल्यावर शिकवणी असते. २०२३ च्या कौटुंबिक खर्चाच्या पाहणीनुसार सिंगापूरच्या कुटुंबांनी वर्षभरात खाजगी शिकवण्यांवर १८० कोटी सिंगापूर डॉलर खर्च केले, जो आकडा पाच वर्षांपूर्वी १४० कोटी होता. शाळा, सीसीए, शिकवणी आणि शनिवारी हिंदी, अशा दिवसांत मुलाला मिळणारा मोकळा वेळ हा प्रवासातला आणि त्यांच्यामधल्या फटींतला असतो, आणि त्या फटींत फोन जाऊन बसला आहे. म्हणून मुलांच्या अवधानाविषयी बोलताना त्यांच्या थकव्याविषयी न बोलणे हे लेखिकेला अर्धवट वाटते. शनिवारी सकाळी दुसऱ्या परिच्छेदाशी वर येणारी प्रत्येक मान फोनने वर काढलेली नसते, काही झोपेनेही काढलेल्या असतात.

हा प्रश्न केवळ शाळेच्या फाटकाच्या आत सुटत नाही हे महाराष्ट्रातल्या एका गावाने अधिक साधेपणाने ओळखले होते. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ मध्ये ग्रामस्थांनी ठरवून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवायला सुरुवात केली, आणि भोंगा वाजल्यावर दीड तास घराघरांतले दूरचित्रवाणी संच आणि मोबाइल बंद ठेवून मुलांनी अभ्यास करावा व मोठ्यांनी वाचन करावे किंवा गप्पा माराव्यात, असा रिवाज पाडला. यातली मोलाची गोष्ट अशी की तो भोंगा मुलांपुरता नव्हता. आईची मालिका आणि वडिलांचा फोनही त्याच भोंग्याने बंद होत होता. बहुमजली सरकारी गृहसंकुलांत राहणाऱ्या सिंगापूरमध्ये असा भोंगा वाजवण्याची कल्पना करून पाहिली तर हसू येते, पण लेखिकेने पालकसभेत या गावाची माहिती दिली तेव्हा हसणाऱ्यांत दोन वडील होते, ज्यांनी आपल्या घरी जेवणाच्या टेबलावर स्वतःच्या फोनसाठी पत्र्याचा एक रिकामा डबा ठेवला असल्याचे पुढच्या सभेत, काहीसे ओशाळून, सांगितले.

वर्गात मात्र लेखिकेने दोनच बदल केले, आणि त्यांपैकी पहिला अगदी साधा होता: उतारा पुन्हा अखंड कागदावर छापून द्यायचा, तिने स्वतः तो मुलांबरोबर मान खाली घालून वाचायचा, आणि पूर्ण होईपर्यंत कोणताही प्रश्न फळ्यावर लिहायचा नाही. पहिल्या महिन्यात माना जुन्याच जागी वर येत राहिल्या. फरक इतकाच की वर आल्यावर त्यांना शिक्षिकेचा चेहरा दिसेना, तिची वाचणारी मान दिसू लागली, आणि काही वेळाने त्या परत खाली जात. दुसरा बदल शब्दकोशाचा. उताऱ्यात अडलेल्या शब्दाचा अर्थ मुले पूर्वी फोनवर क्षणात काढीत. फोन फलकात गेल्यावर ती लेखिकेला विचारू लागली, आणि तिने उत्तर देण्याऐवजी केंद्राच्या कपाटातला जाड हिंदी शब्दकोश टेबलावर ठेवला. एका शनिवारी ‘क्षीण’ हा शब्द शोधायला एक मुलगा उठला. आयुष्यभर हिंदी शब्द कळफलकावर टंकत आलेल्या या मुलाला वर्णमाला येत होती ती गाण्यासारखी, क्रमाने. मधूनच एखाद्या अक्षरापासून पुढे मोजायला लावली तर तो अडे. त्याने ओठांतल्या ओठांत क, ख, ग पासून सुरुवात केली आणि वर्णमालेच्या शेवटी ‘ह’ नंतर जिथे क्ष, त्र, ज्ञ म्हणायला शिकवतात तिथे पोहोचला, तर तिथे कोश संपलेला होता. तो ‘ह’ पासून मागे आला, ‘श’ पाहिला, ‘ष’ पाहिला, आणि तोवर आणखी दोघे त्याच्याभोवती जमून आपापली मते देऊ लागले. त्यातल्या मराठी मुलीने सुचवले की क्ष म्हणजे क आणि ष, तर ‘क’ मध्ये बघ. ‘क’ ची पाने उलटत, ‘क्या’ आणि ‘क्रम’ ओलांडून, ‘क्ष’ सापडला तेव्हा ‘क्षीण’च्या आधीचे ‘क्षमा’, ‘क्षय’, ‘क्षितिज’ हे शब्द त्यांनी मोठ्याने वाचले, जे त्यांना कोणी शोधायला सांगितले नव्हते.

या सगळ्याला सात-आठ मिनिटे लागली, आणि त्या वेळात उरलेल्या वर्गाने उतारा वाचून संपवला की नाही, याची नोंद लेखिकेच्या वहीत नाही, कारण ती स्वतःही कोशाभोवतीच्या त्या घोळक्यात होती. केंद्राकडे शब्दकोशाच्या आणखी पाच प्रती मागण्यात आल्या. तीन आल्या, त्यातली एक जुनी असून तिची ‘म’ पासूनची पाने सुटली आहेत. दाराजवळचा निळा फलक अजून तिथेच आहे, त्याच्या १४ व्या खिशाची शिवण उसवली आहे, आणि सरकारी नियम लागू झाल्यापासून ज्यांच्या शाळांनी फोन दप्तरात ठेवायला सांगितला आहे ती मुले फलकाकडे न वळता दप्तराकडे बोट दाखवतात, की आमच्याकडे असे नाही.